पाच विहिरींची सोयरीक

कॉलेजात जाणाऱ्या मुलाने उन्हाळ्यात वखर धरू नये, असं माझं ठाम मत होतं. बाबांचं नव्हतं.

मी तेव्हा अमरावतीला इंटरमध्ये होतो. सुट्टीत गावी आलो की पहाटे बाबा ज्या आवाजात बैलांना उठवत, त्याच आवाजात मला उठवत. (बैलांना जरा प्रेमाने.) त्या वर्षी मी जाहीर करून टाकलं, "बाबा, मी चिखलीले नोकरी धरतो!"

"कायची?"

"पाहुणचाराच्या धंद्यातली. विलायतेत कॉलेजची पोरं उन्हाळ्यात हॉटेलातच राबतात!" (विलायतेबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, आणि तेही मीच रचलेलं.)

आधी डाक बंगल्यावर गेलो. तिथे साहेब लोक उतरत, म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या माझी ते वाटच पाहत असणार! खानसाम्याने मला डोक्यापासून वहाणेपर्यंत न्याहाळलं. "अंडा उबालना आता है?" मी त्याला पाणी किती तापलं म्हणजे उकळतं याचं शास्त्र सविस्तर समजावलं. त्याने मला फाटक दाखवलं. तेही सविस्तर.

मग मोटार स्टँडवरचं किसनशेठचं हॉटेल गाठलं. वर पत्रा, खाली चार बाकडी आणि मधोमध धुमसणारी भट्टी.

"इंग्रजी येते?" किसनशेठने विचारलं.

"फाडफाड!"

"मंग ह्या कपबश्या धू. हळू! त्या बी इंग्रजी हायेत."

घरी मी 'मॅनेजर झालो' असं कळवलं. आणि खरं सांगतो, मी त्या धंद्यात तरबेज झालो! थोड्याच दिवसांत एका हातावर पाच कप पेलायला लागलो. "आलोऽऽ जी!" अशी हाळी दिली की पेंगणारे ड्रायव्हर दचकून उठत.

एका सकाळी मेहकरची मोटार आली. तिच्यातून दोन पाहुणे उतरले. एक धिप्पाड, लाल पागोट्याचे, ते दाजीबा. दुसरा त्यांचा मेव्हणा श्यामराव, सुपारीसारखा बारीक आणि तितकाच कडक. मी चहा ठेवला, तशी दाजीबांनी मला जवळ बोलावलं.

"काऊन बे, इथून दोन कोसावर ते रामराव पाटील राह्यतेत, त्याईचं घर कसं हाय? आमी त्याईची पोरगी पाहाले जाऊन राह्यलो, माह्या पोरासाठी."

रामराव पाटील म्हणजे आमचे बाबा! पोरगी म्हणजे माझी बहीण सरू! आणि मला घरून अवाक्षर नाही! (निरोप निघाला होता. पण तो संपत गड्याच्या तोंडी होता, आणि संपत पाहुण्यांसाठी बैलांची दमणी घेऊन अजून वाटेत होता.)

शहाण्या माणसाने 'घर चांगलं हाय जी' म्हणून कपबश्या उचलल्या असत्या. पण सरूच्या जन्माचा प्रश्न, आणि मी तर कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेला!

"घर? अजी, पाच विहिरी हायेत त्याईले!"

"पाच! अन् उन्हाळ्यात पाणी?"

"बैलं पोहतेत!"

श्यामरावांनी भुवई चढवली. "अन् पोरगी?"

"देवळातली मूर्त! तिचा आवाज कसा हाय, हे गावाले अजून मालूम नाई." (सरूने ओट्यावरून हाक मारली की नाल्यापलीकडची गुरं माघारी फिरत.)

"तिले भाऊ हाय म्हंतेत," दाजीबा म्हणाले.

इथे तरी थांबायला हवं होतं. पण इतका आवडता विषय निघाल्यावर कोण थांबेल?

"भाऊ? हिरा हाय, हिरा! कॉलेजात पहिला नंबर! डिप्टी कमिशनर साहेब त्याले विचारल्याबिगर..."

"विचारल्याबिगर काय?" श्यामराव पुढे झुकले.

ते मी ठरवलंच नव्हतं. "...जेवत नाई!"

तेवढ्यात घुंगरं वाजली. संपतची दमणी! मी भट्टीमागे बुडी मारली. संपतने पाहुण्यांना रामराम घातला आणि ओरडला, "किसनशेठ, आमचे धाकले मालक कुठी हायेत? त्याईले बी घरी बलावलं!"

"तो काय, भट्टीमा... आईगंऽऽ!" किसनशेठच्या पायावर मी जीव खाऊन पाय दिला होता.

"काय झालं?" दाजीबांनी विचारलं.

"भट्टी... लय तापली," किसनशेठ कण्हले. भला माणूस!

दमणी सडकेने निघाली. मी शेतातून पळत सुटलो. काट्यांतून, ढेकळांतून घरी पोचलो तेव्हा माय घाबरली, "गावात आग लागली का बे?" मी तोंडावरची काजळी धुतली, कोट चढवला, डोक्याला काळी टोपी घातली आणि चुलतआजोबांचा चष्मा लावला. त्यामुळे पाहुणे मला ओळखणार नव्हते. (मीही कुणालाच ओळखत नव्हतो. नुसतं धुकं!) राहता राहिला आवाज. हॉटेलात मी वऱ्हाडी बोललो होतो, म्हणून घरी फक्त इंग्रजी बोलायचं ठरवलं.

"हे चिरंजीव का?" दाजीबांनी बैठकीत टेकता टेकता विचारलं.

"येस. व्हेरी मच."

"कोणत्या वर्गात?"

"व्हेरी हॉट टुडे!"

बाबांची छाती फुगली. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. पण कळलं नाही म्हणजे उंची इंग्रजी असणार!

मग सरू चहाचं तबक घेऊन आली. धुक्यात माझा पाय नेमका तिच्या वाटेत. ती अडखळली, तबक कललं, आणि माझे हात आपोआप उठले! पाचही कप एका हातावर तोलून मी बैठकीच्या मधोमध उभा, आणि तोंडातून खणखणीत निघालं, "आलोऽऽ जी! गरम हाय, सांभाळून!"

चष्मा नाकावरून घसरून खाली पडला.

"दाजीबा," श्यामराव किंचाळले, "बैलं पोहतेत, पोरगी बोलत नाई, भाऊ पयला येते म्हणणारा, हा तं थो हॉटेलातला पोट्टा!"

"पोट्टा कायचा? मॅनेजर हाय थो!" बाबा गरजले.

दाजीबांनी शांतपणे विचारलं, "रामराव, विहिरी किती हायेत तुमाले?"

मी त्यांच्या पाठीमागून बाबांना जिवाच्या आकांताने पाच बोटं दाखवली. बाबा म्हणाले, "थांब ना, विड्याची पाच पानं देतोच लावून!"

आणि मग सरू बोलली. तिच्या आवाजाने कौलांवरचे कावळे उडाले.

"एक विहीर हाय. अन् तिचं पाणी आता आटलं. बैलं चार, त्यातला एक बसका. माह्या भावाचा नंबर खालून मोजला तं पयला येते. अन् मी काई मुकी नाई!"

बाबांनी डोळे मिटले. दाराआड माय मटकन बसली. आता ही पोर माझ्यापायी घरातच राहणार, या विचाराने मी हातावरचे पाचही कप हळूच तबकात परत ठेवले.

दाजीबांनी मिशी कुरवाळली. मग म्हणाले, "पोरगी पसंत हाय."

"पण दाजीबा..." श्यामराव चुळबुळले.

"पण कायचं? घरात एक तरी खरं बोलणारं माणूस पाह्यजे. आपल्या घरी एक बी नाई." मग ते सरूकडे वळले. "पोरी, तुले आमचं घर चालन का?"

"विहिरी किती हायेत?" सरूने विचारलं.

दाजीबांनी एकदा मेव्हण्याकडे पाहिलं. "दोन. खरं सांगू? एक बुजली."

"मंग चालन," सरू म्हणाली, आणि पहिल्यांदाच लाजली.

त्याच वैशाखात लग्न झालं. निघताना दाजीबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तू वकील हो बे! इतकं खोटं न अडखळता बोलणारा माणूस म्या कोर्टात बी पाह्यला नाई."

मी तो आशीर्वाद समजलो. नागपूरला कायदा शिकलो, काळा कोट शिवला आणि मोठ्या ऐटीत पहिला खटला चालवायला उभा राहिलो. मुन्सफांनी विचारलं, "वकीलसाहेब, त्या बांधावर तुमच्या अशिलाची खरोखरच वहिवाट होती का?"

"छे हो, कशाची!" मी न अडखळता खरं बोलून गेलो.