अक्कांचं नाव मी काढलं

तुमच्या शेवटच्या संशोधन-लेखाखाली न वाचलेल्या किती लेखांची नावं आहेत? माझ्या लेखाखाली तीन आहेत.

ती कशी आली ते सांगते. जळगावात माझ्या मार्गदर्शक सरांची केबिन. धुळ्याचे दोन प्राध्यापक चहा पीत बसलेले. मी उभी. माझ्या पहिल्या इंग्रजी लेखाचा मसुदा सरांच्या हातात. संदर्भांच्या यादीत एका नावावर त्यांनी पेन ठेवलं.

"ही बाई कोण?"

"पिंपळनेरच्या अक्का, सर. तिकडे कॉलेजात भूगोल शिकवतात. विहिरींच्या पाण्याच्या नोंदी त्यांच्याच आहेत."

"मराठी त्रैमासिकात छापलंय? हे कोण मोजतं?" सर पाहुण्यांकडे वळले. "विहिरीत दोर सोडणं हे संशोधन असेल, तर आमच्या गावचे पाणके केव्हाच डॉक्टर झाले असते."

दोघे हसले. मीही हसले.

दोन उन्हाळे मी अक्कांसोबत त्या विहिरींवर फिरले होते. गाठी मारलेला दोर, टोकाला दगड. मी काठावर वाकले की अक्का मागून माझी ओढणी मुठीत धरून ठेवायच्या. वर्षानुवर्षांच्या नोंदींची वही त्यांनी मला घरी न्यायला तशीच दिली होती. "लई जाय, पोरी. फक्त आकडा बदलू नको."

"नाव काढ," सर म्हणाले. "त्या जागी या दोघांचे तीन लेख घाल. ते त्यांच्या लेखांत आपले घालतील."

"सर, मी ते वाचले नाहीत."

"वाचायचे नसतात गं, घालायचे असतात. बाप केळीचे घड वाहतो ना तुझा, मुक्ताईनगरला? तुलाही तेच वाहायचेत का?"

पाहुण्यांनी मला पुन्हा एकदा नीट बघून घेतलं. अपमान माझ्या बापाचा झाला. शिक्षा मी अक्कांना दिली. बाहेर येऊन त्यांचं नाव खोडलं. आकडे ठेवले.

यंदा अक्कांनी पीएच.डी.च्या मार्गदर्शक म्हणून मान्यता मागितली. ती मिळाली असती तर पिंपळनेरच्या मुलींना अशा केबिनीत येऊन उभं राहावं लागलं नसतं. समितीत सर होते, समोर अक्का. मला बोलावलं होतं पडद्यावर आलेख दाखवायला. कुणी कुणाबरोबर लिहिलं, कुणी कुणाचा संदर्भ दिला, त्याच्या रेघा. सरांच्या ठिपक्याभोवती रेघांचा गुंता. अक्कांचा ठिपका कोपऱ्यात, एकही रेघ नसलेला. त्यांचं त्रैमासिक संगणकाच्या यादीत नव्हतंच. माझा लेख त्या यादीत होता. त्यात त्यांचं नाव असतं, तर एक तरी रेघ असती.

"बाई, तुमचं काम कुणी वापरलेलंच दिसत नाही," सर म्हणाले.

अक्कांनी पडद्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू बी मन्हं नाव नही लिखं?"

मी उठले. "माझ्या लेखातल्या तिसऱ्या तक्त्याचे सगळे आकडे यांचे आहेत. नाव काढायला सरांनी सांगितलं. काढलं मी."

"खाली बस."

बसले नाही. अक्कांनी पुरावा म्हणून आणलेली वही टेबलावर पडून होती, कुणी उघडली नव्हती. मी उघडली. तक्ता पडद्यावर लावला आणि वहीतून मोठ्याने वाचत गेले. विहीर, महिना, पाणी. तेच आकडे. पहिल्या पानानंतर सरांनी प्रोजेक्टर बंद करायला लावला.

मान्यता मिळाली नाही. निकष सगळ्यांना सारखे असतात म्हणे. जिन्यात मी अक्कांच्या मागे धावले. त्या थांबल्या नाहीत. का थांबतील? त्यांचं काम चोरून मी माझ्या नावावर लेख छापला, आणि बोलले कधी, तर त्यांचं नुकसान ठरल्यावर.

लेखाच्या संपादकाला मी पत्र पाठवलंय: आकडे कुणाचे, नाव कुणी काढलं, का काढलं. ते तीन लेख न वाचता घातले, हेही लिहिलंय. सरांनी माझ्या प्रबंधावरची सही अडवली आहे. अडवू दे. पदवीसाठी आता मी कुणाचं नाव गिळणार नाही.

तुम्हीही असं एखादं नाव काढलं असेल, तर माझं कौतुक करू नका. आजच तुमच्या संपादकाला पत्र लिहा. त्या माणसाचं पूर्ण नाव, गाव आणि काम लिहा, खाली तुमची सही करा. मार्गदर्शकाला विचारू नका.