ओढणीच्या दुकानातली किडनी

माझ्या साडूंच्या मते या जगात विसरभोळा माणूस नावाचा प्राणीच नाही. आहेत ती फक्त वस्तू भलत्या जागी ठेवणारी माणसं. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान बदलापूरला शिरगावात राहतात आणि अंबरनाथच्या एका पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. पंचवीस वर्षं नट, बोल्ट, वॉशर आणि बेअरिंगं ज्या त्या खणात लावून त्यांची अशी खात्री पटली आहे, की माणसाचं डोकं हेही एक स्टोअरच आहे. आणि पोरं नापास होतात ती डोकं कमी म्हणून नव्हे, तर माल रॅकवर न लावता दारातच ओतून ठेवतात म्हणून. "हरवत काहीच नाही, साडूभाऊ. जागा ठरवलेली नसते," असं ते मला ऐकवतात. मी बहुतेक वेळा त्यांच्याच घरात माझा चष्मा शोधत असतो, त्यामुळे उलट बोलता येत नाही.

त्यांच्या तावडीत सापडलेल्या मुलाला पुस्तक उघडं ठेवून अभ्यास करायची सोय नाही. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि पानावर काय होतं ते सांगायचं. उघड्या पुस्तकासमोर प्रत्येकाला आपण हुशार आहोत असं वाटतं, हे त्यांचं लाडकं मत. शिवाय शिकलेलं दुसऱ्याला शिकवायचं, तेही ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशालाच. घरात हा मान माझ्या मेहुणीचा. भाजी निवडता निवडता तिचं सगळं दहावीचं विज्ञान दोनदा झालंय. एकदा त्यांच्या धाकट्याने शिरगाव ते स्टेशन एवढ्या वाटेत शेअर रिक्षावाल्याला ओहमचा नियम समजावला. उतरल्यावर साडूंनी त्या रिक्षावाल्याची तिथेच तोंडी परीक्षा घेतली. तो नापास झाला, आणि बोलणी बसली ती धाकट्याला.

मी हे सगळं अनेक वर्षं मजेत बघत होतो. माझी मुलगी बारावीला बायोलॉजीत नापास झाली आणि माझी मजा संपली. तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि बारावी सुटल्याशिवाय ते दार उघडणार नव्हतं. आम्ही उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये राहतो. खालच्याच गाळ्यात माझ्या थोरल्या भावाचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. भाऊ वाईट माणूस नाही. तो सरळ मनाने म्हणाला, "घरी बसवू नको तिला. माझ्याकडे धागे कापायला येऊ दे, हात तरी चालू राहील." फेरपरीक्षेत नाही झालं तर तिला खाली पाठवायचं, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. पोरीला ते न सांगताच कळलं होतं. पुस्तक मांडीवर घेऊन ती एकाच पानाकडे दुपारभर बघत बसायची.

साडू रविवारी आले. चहा होईपर्यंतही थांबले नाहीत. तिला म्हणाले, "कॉलेजला कुठून जायचीस? चल, दाखव मला." दोघं गेली ती दोन तासांनी परत आली, तेव्हा आमच्या बाजारात माणसाचं अख्खं शरीर ठेवून आली होती, म्हणजे दुकान आठवलं की तिथला अवयव आठवायचा. दालपकवानच्या गाडीवर पोट. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणाऱ्याकडे लिव्हर. पंख्यांच्या दुकानात फुप्फुसं. आणि वळणावरच्या ओढण्यांच्या दुकानात किडनी, कारण तिथे दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक लाल ओढणी कायम लटकलेली असायची. आतल्या कप्प्यांतल्या ओढण्यांवर रंगारंगाने किडनीचे भाग मनातल्या मनात लावलेले होते. माझी मुलगी उजळणीसाठी रोज त्या रस्त्याने पुटपुटत जायची आणि ओळखीचे दुकानदार मला काळजीने विचारायचे, "बेटी ठीक है ना?"

याच्या जोडीला साडूंची उजळणी होतीच. आज शिकलेलं उद्या विचारायचं, मग तिसऱ्या दिवशी, मग सातव्या, मग एकविसाव्या. या तारखा ते खिशातल्या डायरीत लिहितात आणि त्या दिवशी समोरचा कुठे आहे याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं. माझ्या मेहुण्याच्या लग्नात, बुद्धवंदना आटोपून वधूवर एकमेकांना हार घालत होते, तेव्हा हे फुलं हातात धरून माझ्या मुलीच्या कानाशी लागले, "हृदयाच्या झडपा किती? नावं सांग." तिने सांगितली. मगच यांनी फुलं टाकली.

परीक्षेला आठवडा राहिला आणि पोरगी कॉलेजच्या वाटेवरूनच रडत परत आली. साडूंना फोन लावून म्हणाली, "काका, किडनी गेली!" ओढणीवाल्या सिंधी शेठने सगळा माल काढून टाकला होता आणि मोबाइलची कव्हरं मांडली होती. ओढण्या गेल्या, त्यांच्याबरोबर तो अख्खा धडा गेला. मी तिला समजावलं की जुनं दुकान डोळ्यांसमोर आण. पण डोळे मिटले की तिला कव्हरंच दिसायची.

साडू अर्धा दिवस रजा टाकून आले. निवृत्तीला साठलेल्या रजांचे पैसे मिळतात म्हणून एकही रजा न घालवायचा त्यांचा निश्चय होता, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते सरळ शेठपुढे जाऊन उभे राहिले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "सेठजी, परीक्षा होईपर्यंत दो ओढनी वापस टांगो. मुलगी का सवाल है."

शेठने दोनदा सगळं नीट समजून घेतलं. "साईं, दुकान मेरी, किडनी तुम्हारी?" एवढं म्हणून तो आत गेला आणि बायकोच्या दोन लाल ओढण्या घेऊन आला. आठवडाभर मोबाइल कव्हरांच्या दुकानाच्या दाराशी दोन ओढण्या लटकत होत्या. गिऱ्हाइकं भाव विचारायची तर तो म्हणायचा, "बेचने का नहीं है, पढ़ने का है."

पोरगी पास झाली. नर्सिंगला प्रवेश मिळाला, आता ती शेवटच्या वर्षाला आहे. साडू ही गोष्ट प्रत्येक कार्यात सांगतात आणि दर वेळी ओढण्यांपाशी आले की त्यांचा आवाज चढतो. मागच्या सुट्टीत ती आली होती. चहा पिताना मी सहज विचारलं, पेपरमध्ये ते दुकान नीट आठवलं ना गं? ती हसली. "नाही हो पप्पा. दुकान, ओढण्या, काहीच आलं नाही डोळ्यांसमोर. काका बाजूला बसून विचारतायत असं वाटत होतं फक्त. मी त्यांना सांगत गेले आणि हात लिहीत गेला." मग कप खाली ठेवत म्हणाली, "त्यांना नका सांगू."

मी सांगितलेलं नाही. त्यांची पद्धत मोडीत निघेल म्हणून नव्हे, तर ते सांगताना मला माझंही सांगावं लागेल म्हणून. त्या अख्ख्या वर्षात मी माझ्या मुलीला पास होशील का, एवढंच विचारत आलो. तिला काय येतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.