मे महिन्यातली शाल

जनाबाई हेडाऊंना भर मे महिन्यात थंडी वाजू लागली. महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत दुपारी डांबर मऊ पडायचं, कुत्री नालीच्या ओलाव्यात जाऊन लोळायची, आणि जनाबाई मात्र कूलरकडे पाठ करून, शाल पांघरून शिलाई मशीनपाशी बसलेल्या असायच्या. वय एक्कावन्न. साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं काम त्या वीस वर्षं करत होत्या. नवरा गुलाबचंद बुटीबोरीला एका कापड कारखान्यात होता. सकाळी कंपनीच्या बसने जायचा, दिवे लागायच्या सुमारास परतायचा.

“तुले काहून थंडी वाजून राहिली वं?” कूलर बंद करता करता तो घाम पुसत विचारायचा.

“काय मालूम. वय झालं असन.”

आवाजही त्यांचा घोगरा झाला होता. केस कंगव्यात येत होते, चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. पण खरं सांगायचं तर त्यांना त्याचं फारसं दुःख नव्हतं. कारण त्या दिवसांत त्यांना एक वेगळंच घर सापडलं होतं. साडी हातात घेतली की डोळ्यांवर झापड यायची. मशीनचा आवाज लांब लांब जायचा आणि उमरेडचं, माहेरचं अंगण उघडायचं. दोरीवर निळं सूत वाळत असायचं. आत मागावर आई बसलेली असायची, पाठमोरी. मान न वळवता ती म्हणायची, “जने, कांडी आण.” आणि जनाबाई सूत गुंडाळलेली कांडी शोधत त्या अंगणात फिरत राहायच्या. ऊन असायचं, पण पोळायचं नाही. कांडी काही सापडायची नाही, आणि त्यांना घाईही नसायची.

एकदा अशाच त्या फिरत असताना शेजारच्या प्रेमलताताईंच्या मुलीच्या लग्नातल्या साडीला त्यांनी फॉल लावला, तो वरच्या काठाला. दोन दिवसांनी साडी परत आली. प्रेमलताताईंनी नुसती घडी उलगडून दाखवली. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी गुलाबचंद आला तेव्हा जनाबाई जमिनीवर बसून एकेक टाका उसवत होत्या आणि रडत होत्या.

“मी कामचोर नाही जी,” त्या म्हणाल्या. “पण मी इथं राहूनच नाही राहिली.”

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली आणि बायकोला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गळा चाचपला, शालीकडे जरा वेळ पाहिलं आणि रक्ताच्या तपासण्यांची चिठ्ठी लिहून दिली.

सक्करदऱ्याच्या तलावापासून थोड्या अंतरावर एक लहानशी लॅब होती. तिथे रक्त घेणारी हर्षा सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती. उपाशीपोटी आलेल्या जनाबाईंना तिने खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि समोर तीन नळ्या मांडल्या.

“इतकं रक्त?” जनाबाई दचकल्या.

“काकू, सगळं मिळून दोन-तीन चमचेबी नाही होत. मूठ बांधा.” दंडावर पट्टा आवळत ती बोलत राहिली. “जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठत नाही. त्यात पेशी मोजतात. हिमोग्लोबिन कमी आहे का, अंगात कुठं इन्फेक्शन आहे का, त्याचा अंदाज येते. राखाडी टोपणाची साखरेसाठी. आणि पिवळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त गोठू देतो. मंग वर पिवळसर पाणी सुटते. त्याच्यातून किडनी, लिव्हर, चरबी, थायरॉईड, सगळं पाहतात.”

सुई कधी टोचली ते कळलंच नाही. काळपट लाल धार नळीत उतरताना जनाबाई बघत राहिल्या. इतके दिवस जे फक्त त्यांनाच जाणवत होतं, ते आता बाहेर, काचेत, दुसऱ्याच्या हातात होतं.

संध्याकाळी रिपोर्ट गुलाबचंदच्या मोबाईलवर आला. ठळक अक्षरांतले आकडे पाहून त्याचा चेहरा उतरला. हिमोग्लोबिन दहा. कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट. आणि टीएसएच या नावापुढे चौऱ्याहत्तर, जिथे चार-पाचच्या आत हवं होतं. त्याने घाबरून हर्षाला फोन लावला.

“काका, एकेक आकडा पकडून बसू नका,” ती म्हणाली. “सगळा कागद घेऊन उद्या डॉक्टरकडे जा.”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सुस्तावली की मेंदू तिला हाका मारतो. ती ऐकत नाही तसा हाकेचा आवाज वाढत जातो. टीएसएच म्हणजे ती हाक. “तुमच्या मेंदूने चौऱ्याहत्तरपर्यंत आवाज चढवला, बाई. थंडी, झोप, घोगरेपणा, सगळं त्यातलंच. कोलेस्टेरॉलही बहुधा त्यामुळेच वाढलंय. आधी हे सुधारू, मग त्याचं पाहू.”

रोज उठल्या उठल्या उपाशीपोटी एक बारीक गोळी, आणि त्यानंतर अर्धा तास तरी चहा नाही. दीड महिन्याने रक्त पुन्हा तपासलं तेव्हा आकडा एकोणीसवर आला होता. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली. शाल पेटीत गेली. आवाज मोकळा झाला. आणि एका दुपारी जनाबाईंच्या लक्षात आलं की त्या कितीतरी दिवसांत उमरेडच्या अंगणात गेलेल्या नाहीत. डोळे मिटून पाहिलं. अंधार होता, फक्त अंधार. त्यांना चुटपुट लागली.

तान्ह्या पोळ्याला त्या खऱ्या उमरेडला गेल्या. आई गेल्यावर माग केव्हाच विकला गेला होता. त्या खोलीत आता मोठ्या भावाचं, धोंडबाचं, किराणा दुकान होतं. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत हिंडत होती. जनाबाईंनी आपल्या आजाराचं सगळं सांगितलं, तसा धोंडबा तोलता तोलता थांबला.

“आईबी अशीच झाली होती वं, जने. तू सासरी गेल्यावर. मागावर बसल्या बसल्या झोपे. गळा फुगला होता. लोक आळशी म्हणत तिले.” तो तागडीशी चाळा करत होता. “मीबी म्हणलं एक-दोनदा.”

त्या वर्षांत आई कुठल्या अंगणात जात असेल, तिला तिथे कोण हाक मारत असेल, एवढाच विचार जनाबाईंच्या मनात घुटमळला. मग त्यांची नजर आत भाकरी थापणाऱ्या भाचीकडे गेली. नूपुर, चोवीस वर्षांची. मान जरा भरलेली वाटत होती, की उजेडाचा खेळ होता?

“दादा, हिचं रक्त तपासू.”

“तिले काय झालं? धडधाकट तं आहे.”

“आहे तं आहे. पाहू तं खरं.”

दुसऱ्या सकाळी आत्या आणि भाची उमरेडच्याच एका लॅबमध्ये गेल्या. नूपुरने सुई पाहताच डोळे घट्ट मिटले आणि आत्याचा हात धरला. रिपोर्ट दुपारी मिळणार होता. तोवर बस स्टँडवर दोघींनी दोन भुट्टे घेतले आणि बाकावर बसून, तिखटमिठाची बोटं चाटत, येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्या बघत राहिल्या. दुपारी कागद हातात आला. टीएसएच दोन पूर्णांक एक.

“चांगलं आहे का, आत्या?” नूपुरने विचारलं.

“हो,” जनाबाई म्हणाल्या. “मेंदू हळूच बोलून राहिला तुझा.”