बिरादार सरांची गाठ

बिरादार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी उदगीरच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी शहाबादी फरशीच्या भावावरून हुज्जत घालत होतो. फोन ठेवला आणि गिऱ्हाइकानं मागितला तो भाव देऊन टाकला. त्याला वाटलं, तो जिंकला.

सरांवर माझा राग होता, तो लपवत नाही. नववीत त्यांनी विचारलं, "जडत्व म्हणजे काय रे?" मी म्हणालो, "वजन, सर. जड वस्तू जागची हलत न्हाई." वर्ग हसला. सरही हसले. "मग तूच की त्याचं उदाहरण." शाळा सुटेपर्यंत मला पोरं 'जडत्व' म्हणायची... पुढं टेम्पो घेतला, दुकान टाकलं, पण ते हसू डोक्यातून गेलं नाही.

निवृत्तीनंतर सर लोह्यात घर बांधत होते. फरशीसाठी माझ्याकडंच आले. मी एक रुपया सोडला नाही. माल भरला, टेम्पो मीच काढला. सर केबिनमध्ये बसेनात.

"दोर बांध."

"लई वजन हाय सर. कुठं जातंय?"

"ब्रेक गाडीला लागतो. मालाला न्हाई."

"शाळा सुटली आता सर."

ते टेम्पोपुढं जाऊन उभे राहिले. हमाल बघत होते. माझं डोकं तापलं, पण म्हातारा हलेना. शेवटी मी दोर टाकला, तर तो ढिला म्हणून त्यांनी स्वतः ओढून गाठ मारली. मग कुठं ते केबिनमध्ये येऊन बसले.

लोह्याच्या अलीकडं म्हैस आडवी आली. ब्रेक मारला. टेम्पो थांबला, उभ्या रचलेल्या फरश्या थांबल्या नाहीत. धाडकन आवाज आला आणि आमच्या डोक्यामागचा केबिनचा पत्रा आत आला, वीतभर. मग दोर करकरला... आणि त्यानं माल धरला.

सर म्हणाले, "आता सांग. जडत्व म्हणजे काय?"

मी खाली उतरून दोर बघायला लागलो. चुकलो म्हणायचं होतं, पण आधी त्यांनी वर्गातल्या त्या हसण्याबद्दल म्हणावं असं वाटत होतं. ते फक्त या वेळी हसले नाहीत. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

तो दोर दुकानात खुंटीला आहे, सरांच्या गाठीसकट. परवा माल भरताना हमाल म्हणाला, "मालक, एवढं वजन हाय, दोर कशाला?" मी नवा दोर त्याच्या हातात दिला.

"चालत्या गाडीतला माल चालूच राहतो. जेवढा जड, तेवढा थांबवायला अवघड. म्हणून बांध."

त्यानं बांधला. मी खुंटीकडं बघितलं नाही.