तिसऱ्या रिळातली विहीर

ती घटना आठवायला मला डोकं खाजवावं लागत नाही. लोणचं बिघडल्यासारखा आंबूस वास कुठेही आला, की चेन्नईतलं माझं जुनं टेबल आणि त्यावरचा पत्र्याचा गोल डबा डोळ्यांपुढे येतो. खून नाही, दरोडा नाही, वर्तमानपत्रात दोन ओळीही छापून आल्या नाहीत. तरी नोकरीतल्या मोठमोठ्या केसेस पुसट झाल्या आणि ही मात्र राहिली.

आमचं घराणं तंजावरकडचं मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. घरचं मराठी जुन्या धाटणीचं, तमिळ हेल काढून बोललेलं. लग्नानंतर सोलापूरच्या बायकोनं ते धुऊन, पिळून वाळत घातलं, म्हणून आज तुम्हाला हे वाचता येतंय. नोकरी इथल्याच पोलीस खात्यात झाली. त्या वर्षी मी अड्यार भागातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. नोव्हेंबरच्या पावसानं वेलचेरीत घराघरांत पाणी शिरलं होतं आणि आम्ही सगळे बंदोबस्तानं थकलेले होतो.

अशात एका सकाळी एक मराठी गृहस्थ तक्रार घेऊन आले. मूळचे साताऱ्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी मराठीत ‘बसा’ म्हणताच त्यांना धीर आला.

“साहेब, माझं तिसरं रीळ चोरीला गेलंय.”

“कसलं रीळ? दोऱ्याचं?”

ते दुखावले. मग समजलं ते असं. या गृहस्थांना जुन्या चित्रपटांच्या प्रिंटा जमवायचा नाद होता. तिरुवल्लिकेणीतलं एक थिएटर बंद पडलं, तेव्हा तिथली एका जुन्या काळ्यापांढऱ्या चित्रपटाची प्रिंट भंगारात निघाली. ती यांनी उचलली. अड्यारच्या घरात मागच्या खोलीत बसून ते ती वर्षानुवर्षं दुरुस्त करत होते. बुरशी पुसायची, कडेची फाटलेली भोकं सांधायची, तुटलेले जोड नव्यानं लावायचे. तंबूतल्या टॉकीजचा एक जुना प्रोजेक्टरही त्यांनी घरी आणून चालू केला होता. खोलीतून नेमकं एकच रीळ गेलं होतं, डब्यासकट. बाकीची रिळं, प्रोजेक्टर, कपाटातली चांदीची भांडी, सगळं जागच्या जागी.

मी मनात म्हटलं, रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, आणि त्या तुंबड्यांची चोरी आता आम्ही शोधायची! पण तक्रार ती तक्रार. आमच्याकडे गुन्हा नोंदवण्याआधी तक्रारीची सीएसआर नावाच्या रजिस्टरात नोंद होते आणि पावती मिळते. ठाण्यात लिखापढी करणाऱ्या रायटरनं पावती फाडली आणि मी एट्टय्याला, म्हणजे आमच्या हेड कॉन्स्टेबलला, घेऊन जागा बघायला गेलो.

कुलूप तोडलेलं नव्हतं. खोलीला जिन्याच्या बाजूनं वेगळं दार होतं आणि त्याची किल्ली तुळशीच्या कुंडीखाली असायची. लोकांना वाटतं कुंडीखालची किल्ली फक्त आपल्याला आणि तुळशीलाच माहीत असते. संशय कुणावर, विचारलं तर गृहस्थांनी लगेच मोलकरणीचं नाव घेतलं. चोरी झाली की पहिलं बोट तिच्याकडे, हे मी नोकरीभर पाहिलं. ती बाई माझ्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अय्या, त्या खोलीत नाक धरून केर काढते मी. ती घाण मी घरी नेऊ?”

तिचं बरोबर होतं. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला तो आंबूस वास सुटतो, हे मला त्याच दिवशी कळलं. मोलकरणीला मी मोकळं केलं. गृहस्थांचा दुसरा संशय एका भंगारवाल्यावर होता. एट्टय्यानं त्याचं गोदाम पालथं घातलं, काही निघालं नाही.

आठवड्याभरात त्यांच्या पत्नीचा फोन आला, तोही पाणी वेळेवर येत नाही असं सांगावं तशा सुरात. “भावजी, परत कुणीतरी आलं होतं हो. पण ह्या वेळी काही गेलं नाही. ह्यांचा कचऱ्याचा डबा तेवढा नेला.”

“कचऱ्याचा डबा?”

“बिस्किटांचा मोठा डबा आहे ना, त्यात हे कापलेले तुकडे टाकतात.”

मी खुर्चीत सरळ झालो. भंगारवाला सगळी प्रिंट उचलेल. दुसरा शौकीन असेल तर तोही सगळी उचलेल. एक रीळ नेऊन मग कात्रणं न्यायला जो येतो, त्याला विकायचं काहीच नसतं. तो काहीतरी शोधत असतो, आणि ते त्याला रिळात सापडलेलं नसतं.

मी गृहस्थांना पुन्हा बोलावलं. “तुम्ही फिल्म कापता? मला वाटलं, दुरुस्त करता.”

त्यांचा चेहरा उजळला. “अहो, नुसती दुरुस्ती कोण करील? मी ती सुधारतो! जुन्या लोकांनी ढिलाई ठेवलीय ती काढतो. एक पाठलाग उगाच लांबवलाय, तो आटोपता केला. एकीकडे माइकची सावली दिसते, ती उडवली. माझी प्रिंट मूळ सिनेमापेक्षा सरस आहे, साहेब.”

“आणि तिसऱ्या रिळातलं काय उडवलंत?”

“विहिरीवर बायका पाणी भरतायत, असा प्रसंग आहे. त्यात मागची एक पोरगी एकदम कॅमेऱ्याकडे बघून हसते. ढळढळीत चूक! तेवढा तुकडा काढून टाकला.”

त्याच संध्याकाळी खबर मिळाली. आमचा एक शेअर ऑटोवाला होता, मीटरपेक्षा तोंड जास्त चालणारा. एट्टय्याशी चहा पिताना त्याची तक्रार चालली होती, की एक म्हातारा गोल डबा मांडीवर घेऊन अड्यारहून वेलचेरीला बसला आणि त्या आंबट वासानं बाकीच्या सवाऱ्या उतरून गेल्या. म्हातारा कुठे उतरला ते त्याला पक्कं आठवत होतं. सवाऱ्या बुडाल्या होत्या, विसरेल कसा!

दुसऱ्या दिवशी सकाळीच वेलचेरीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही पोचलो. भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ अजून होती. तिथे आपल्या मुलाकडे राहणारा एक म्हातारा खिडकीशी बसला होता. पांढरी लुंगीसारखी वेष्टी, डोळ्यांवर जाड चष्मा. मांडीवर फिल्मचे तुकडे आणि बाजूला बिस्किटांचा डबा. पळायचा प्रयत्न नाही, कांगावा नाही. उठला, शर्ट चढवला आणि रिळाचा डबा स्वतःच उचलून आमच्याबरोबर निघाला.

गृहस्थांना ठाण्यावर ओळख पटवायला बोलावलं, तर ते दारातच थबकले. “हे? अहो, हे तर आमचे ऑपरेटर! ज्या थिएटरची प्रिंट, तिथेच ह्यांनी जन्मभर सिनेमा दाखवला. दर रविवारी येतात माझ्याकडे, मशीनला फिल्म लावून देतात. घरचेच आहेत!”

“घरचे होते, तर पहिल्या दिवशी नाव का नाही सांगितलंत?”

“सुचलंच नाही हो.”

चौकशी सुरू केली. आमच्याकडे वयस्क माणसाला पेरियवर म्हणतात, मीही तसंच म्हणून बोललो. आधी गोडीनं विचारलं, मग आवाज चढवला. किल्ली कुठून घेतली, कुणी सांगितलं, कुणाला विकणार होता? म्हातारा गप्प. गप्प बसणारे मी खूप पाहिले. कुणी भीतीनं बसतो, कुणी मुरलेला असतो. हा लाजेनं गप्प होता, आणि लाजेवर पोलिसी आवाजाचा उपयोग होत नाही.

शेवटी वैतागून मी एट्टय्याला म्हटलं, “डबा मुद्देमालाच्या खोलीत टाक.” आमची ती खोली म्हणजे वर पत्रा आणि आत भट्टी.

म्हातारा ताडकन उठला. “तिथे नको, सार! उष्णतेनं चिकटेल ते. दुसऱ्याची वस्तू आहे.”

“चोरताना दुसऱ्याची नव्हती का?”

तो खाली बसला. डब्यावर हात ठेवून म्हणाला, “घेऊन टाका, सार. ह्यात ती नाही.”

“कोण ती?”

मग तो बोलला, हळू, थांबत थांबत. त्या चित्रपटाचं शूटिंग त्याच्या बायकोच्या गावी झालं होतं. विहिरीवर गावातल्याच बायका उभ्या केल्या होत्या, त्यात ती होती. तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती जाऊन आता बराच काळ लोटला. घरात तिचे दोन-तीन फोटो होते, ट्रंकेत. परवाच्या पाण्यात ट्रंक बुडाली आणि फोटोंचा लगदा झाला. उरली ती फक्त या तिसऱ्या रिळात. दर रविवारी तो अड्यारला कशासाठी जात होता, ते मला तेव्हा उमगलं. पुरानंतरच्या रविवारी तिसरं रीळ लागलं आणि विहिरीवर ती आलीच नाही. त्याला वाटलं, नजर अधू झाली, आपल्याकडूनच सुटली असेल. म्हणून रीळ घरी नेलं आणि खिडकीच्या उजेडात धरून एकेक चौकट पाहिली. नाही सापडली, म्हणून कात्रणांसाठी परत गेला. त्यांतही ती नव्हती.

“अहो, मग सांगायचं नाही का?” गृहस्थ जवळजवळ ओरडलेच. “मी तुम्हाला नाही म्हटलं असतं का?”

“काय सांगू, सार? या वयात बायकोला बघायला येतो म्हणून?”

रायटरचं पेनसुद्धा थांबलं. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला सांगू?

“मग ती कात्रणांत का नाही?” मी गृहस्थांना विचारलं. ते चष्मा काढून पुसत बसले होते. एकदम त्यांचा हात थांबला.

“तुकडा लांब होता आणि चांगला होता. असे तुकडे मी टाकत नाही. लीडर करतो.”

लीडर म्हणजे रिळाच्या तोंडाला जोडलेला फालतू पट्टा. फिल्म मशीनमध्ये ओवताना बोटं, धूळ, दाते यांचा सगळा मार त्यानं खायचा आणि आतलं चित्र वाचवायचं. तो सरकतो तेव्हा दिव्यापुढची झडप बंद असते, म्हणून पडद्यावर कधी दिसत नाही. म्हणजे ती बाई त्या रविवारीही त्याच मशीनमधून गेली होती, आणि फिल्म ओवणारी बोटं नवऱ्याचीच होती.

मी जीप काढायला सांगितली.

अड्यारच्या खोलीत भर दुपारी पडदे ओढले. गृहस्थांनी एकेका रिळाचं तोंड उलगडून दिव्यासमोर धरलं. शेवटच्या रिळाच्या तोंडाशी विहीर सापडली. जागोजागी ओरखडे, एका कडेची भोकं फाटलेली. इतरांच्या चुका सुधारणारा तो माणूस ते सांधत बसला, आणि जोडपट्टी लावताना दोनदा त्याच्या डोळ्यांतलं पाणी खाली पडलं. वहिनींनी फिल्टर कॉफी आणली. ती तशीच निवली.

सगळं जमल्यावर त्यांनी म्हाताऱ्यासाठी भिंतीसमोर खुर्ची ठेवली. “बसा, पेरियवर. आज मशीन मी चालवतो.”

म्हातारा बसला नाही. तो मशीनच्या मागे जाऊन उभा राहिला.

“अहो, तिथून नीट दिसणार नाही.”

“इथेच बरं, सार. तेव्हाही मी इथेच होतो. कॅमेऱ्याच्या मागे, बघ्यांच्या गर्दीत. तिला सांगितलं होतं, हसायचं नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. तिनं कॅमेऱ्याकडे कुठे बघितलं? ती माझ्याकडे बघून हसली.”

गृहस्थांनी झडप उघडली. भिंतीवर ओरखड्यांचा पाऊस, त्यात एक विहीर, चार बायका. मागची मुलगी घागर कमरेवर घेऊन वळली, थेट आमच्याकडे बघितलं आणि हसली. संपलं. डोळ्यांची एक उघडझाप होईल, तेवढाच वेळ.

“परत लावतो,” गृहस्थ म्हणाले.

“वेंडा, सार,” म्हातारा म्हणाला. म्हणजे नको. “दर खेपेला एक ओरखडा वाढतो. आज दिसली, पुरे.”

तक्रार मागे घेतल्याचा अर्ज गृहस्थांनी माझ्यासमोर लिहिला. सीएसआरमध्ये ‘आपसांत मिटले’ असा शेरा मारून मी सही केली. सरकारी मराठीत किंवा तमिळमध्ये याहून जास्त लिहायची सोय नाही. पुढे त्यांनी तो तुकडा तिसऱ्या रिळात मूळ जागी बसवला, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यानंतर त्या प्रिंटला कात्री लावली नाही. मोलकरणीची माफी मात्र मला त्यांना मागायला लावावी लागली.

नंतरच्या नोकरीत चोरीची तक्रार आली, की काय गेलं हे रायटर लिहून घ्यायचा. मी आणखी एक विचारायचो: ही वस्तू कुणाला हवीशी वाटेल? बरेचदा फिर्यादीला उत्तर येत नसे. आपल्या घरात दर रविवारी येणारा माणूस कशासाठी येतो, हे कुणी विचारत नाही. मीही माझ्या घरी, कोण कशाची वाट बघतं, हे कधी विचारलं नव्हतं. विहीर सापडली, त्या दिवशी घरी गेलो, तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला अवेळी आलेला बघून ती हसली, आणि मी बूट न काढता तिथेच उभा राहिलो.