उस्मानपुऱ्यातल्या दोन तबकड्या

कचेरीत जुन्या फायली ठरावीक वर्षांनी नष्ट करायचा नियम होता. किश्श्यांना असा नियम नाही. ते साचत जातात, आणि कामाचं काही आठवायला गेलं की नेमके तेच हाताला लागतात. पस्तीस वर्षांच्या नोकरीत साचले नाहीत एवढे किस्से माझ्याकडे रशीदभाईंच्या एका खोलीत दीड वर्षात साचले. त्यातले थोडे मोकळे करतो.

रशीदभाई म्हणजे उस्मानपुऱ्यातले जुने लाऊडस्पीकरवाले. एके काळी आसपासच्या गावांत त्यांच्या कर्ण्याशिवाय लग्न लागत नसे. पुढे कॅसेट आल्या, सीडी आल्या, पेनड्राइव्ह आले. पण यांनी रेकॉर्डच्या ट्रंका विकल्या नाहीत. भाच्याने दुबईहून दोन रेकॉर्ड प्लेयर आणि दोघांच्या मध्ये ठेवायचा मिक्सर आणून दिला, तेव्हा मामांनी सत्तरीत दर रविवारी सकाळी डीजेचा वर्ग उघडला! एका प्लेयरवरचं गाणं संपायच्या आत दुसऱ्यावरचं त्याच ठेक्यात आणून मिसळायचं, नाचणाऱ्याचा पाय थांबू द्यायचा नाही, एवढाच अभ्यासक्रम. विद्यार्थी तीन: दौलताबादचे मेंढरंवाले दादाराव, शेंद्र्याच्या कारखान्यात पॅकिंगला असलेली सुनंदा, आणि मी.

पहिल्या रविवारी घरी सांगितलं, "डीजे शिकायला चाललोय."

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग गेल्या गणपतीत डीजेच्या आवाजाचा तक्रार-अर्ज तुम्ही कुणाविरुद्ध दिला होता?"

* * *

रशीदभाईंच्या ट्रंकांत सातशेच्या वर रेकॉर्ड, आणि यादी नाही! माझ्यातला कारकून कळवळला. तीन रविवार खपून मी प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी चिकटवली, क्रमांक टाकले, आवक रजिस्टर तयार केलं. फाटकी पाकिटं टाकून नवी कोरी घातली.

चौथ्या रविवारी रशीदभाईंना एक कव्वाली हवी होती. एक ट्रंक उपसली, दुसरी उपसली. मग हताश होऊन खाली बसले.

"साब, वो हल्दी के दागवाली किधर गई? और वो जिसका कोना बकरी ने खाया था?"

त्यांची यादी डागांची होती, हे मला तेव्हा कळलं. मी अदबीने रजिस्टर पुढे केलं.

रशीदभाईंनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शांतपणे चाळलं. "वा, साब! सब लाइन में लगा दिया. अब कुछ बी नहीं मिलता. पक्का सरकारी काम हो गया!"

* * *

या विद्येतली खरी मेख म्हणजे दोन गाण्यांचे ठेके जुळवणं. एक गाणं लोकांना ऐकू येतं, दुसरं फक्त आपल्या हेडफोनमध्ये. दुसऱ्याचा वेग हळूहळू पहिल्याला जुळवायचा आणि मग ते लोकांत सोडायचं. मी सोडलं की ग्रामसभा भरल्यासारखं वाटे. दोघंही बोलताहेत, कुणी कुणाचं ऐकत नाही.

मी चार पुस्तकं वाचली, वहीत आकडेमोड केली. दादारावांनी पहिल्याच दिवशी चपला काढल्या, हेडफोन एका कानाला लावला, डोळे मिटले, आणि तिसऱ्या मिनिटाला दोन्ही गाणी एका पावलावर आणली.

मी विचारलं, "दादाराव, हे कसं केलंत?"

"त्यात काय हाय? दोन मेंढरं हायेत. दोघींच्या गळ्यात घुंगरू. एक लई पुढं पळती. तिला बोटानं जरा मागं धरायचं. दांडकं नाय मारायचं."

"आणि मी काय करतो?"

दादारावांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. "तुमी कळप इकून टाकता, साहेब!"

* * *

माझा पहिला जाहीर कार्यक्रम म्हणजे कचेरीतल्या एका मित्राच्या एकसष्टीचा. आधी भजन, मग सत्कार, मग जेवण. रेकॉर्ड फिरण्याचे वेग दोन असतात, हळू आणि जलद. घाईत माझ्याकडून भजन जलद वेगावर लागलं. बुवांचा आवाज एकदम शाळकरी पोरासारखा झाला आणि टाळ पाऊस पडल्यासारखे वाजू लागले. मला कळेना काय बिघडलंय. बंद करावं तर भजन मध्येच तोडल्याचं पाप!

पाऊण वेळात सगळं उरकलं. मी मान खाली घालून वायरी गुंडाळत होतो, तेवढ्यात माझे जुने हेडक्लार्क आले. नोकरीत त्यांनी कधी कुणाला बरं म्हटलं नव्हतं. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "असं सुटसुटीत भजन मी आयुष्यात ऐकलं नाही. वाढायला घेतलंय, चला!"

* * *

सुनंदा आमच्यात सगळ्यात मागून आली आणि सगळ्यात पुढे गेली. तिचा विचार साधा होता. "हळदीला बायका नाचत्यात, आन् वाजवायला गडी. त्याच्याम्होरं कोण मोकळं नाचंल? बाईच पायजे वाजवायला." कारखाना सांभाळून हेच काम करायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं.

घरी प्लेयर नव्हता. म्हणून ती पोळपाटावर स्टीलचं ताट ठेवून, बोटाने मागे-पुढे करत सराव करायची. सासूबाई सखुबाईंनी आठ दिवस पाहिलं आणि नवव्या दिवशी शेजारणीला सांगितलं, "भाकरी करपती, आन् आमची सून ताट कुरवाळती!"

प्रकरण वाढलं तेव्हा सुनंदाने खरं सांगितलं. सखुबाईंनी निकाल दिला, "लेकीच्या पोरीची हळद हाय दौलताबादला. तिथं वाजीव. सगळं गणगोत आसंल. बायका नाचता नाचता थांबल्या, कुणी फिदीफिदी हासलं, तर पुन्यांदा त्या उस्मानपुऱ्याचं नाव काढायचं नाय."

सुनंदा "व्हय" म्हणाली. आम्हाला सांगताना तिचा आवाज मात्र पडला होता. "रशीदभाई, एकच डाव हाय माझा."

रशीदभाई म्हणाले, "बेटी, शादी में दुल्हन का बी एकीच डाव रहता. डरती क्या वो?"

"डरती तर!" सुनंदा म्हणाली.

* * *

हळद दुपारची होती. मांडव बायकांनी भरलेला. रशीदभाई, दादाराव आणि मी मंचामागे पडद्याआड, मदतीला म्हणून. खरं तर घाबरायला. सखुबाई पुढच्या खुर्चीत, हाताची घडी घालून.

सुनंदाने पहिलं गाणं लावलं, दुसरं जुळवलं, तिसरं मिसळलं. सांधा कुठे गेला ते मलाही कळलं नाही. बायका पदर खोचून उठल्या. नवरीची आत्या नाचली, मावशी नाचली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली काकूसुद्धा खुर्चीत बसून नाचली. चौथ्या गाण्याला रंग चढला आणि लाईट गेली!

पंखे थांबले, मिक्सर मेला, तबकडी हळू होत होत थांबली. बायकांचे हात वरच राहिले. सखुबाईंनी घडी सोडून गुडघ्यावर हात ठेवले. आता उठणार!

रशीदभाईंनी जुन्या सवयीने अॅम्प्लिफायरला मोटारीची बॅटरी जोडून ठेवली होती. पडद्याआडून येऊन त्यांनी मिक्सरची वायर उपटली आणि प्लेयर थेट अॅम्प्लिफायरला जोडला. आवाजाची सोय झाली. पण तबकडी फिरवायला मोटर कुठली? प्लेयर लाईटवरचा!

"हात से घुमा, बेटी!"

सुनंदाने बोट टेकवून रेकॉर्ड फिरवायला घेतली. वेग एकसारखा राहीना. गाणारी बाई घटकेत म्हैस, घटकेत चिमणी! मागच्या रांगेत एक बाई हसली. मग दुसरी. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने बोट आणखीच डळमळलं. दादाराव पडद्याआड डोळे मिटून उभे होते.

सखुबाई उठल्या. तडक मंचावर आल्या.

"आगं, आसं हिसकं देऊन जातं फिरतं व्हय? पीठ जाड पडतंय. सर तिकडं!"

त्यांनी मांडी घातली, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि तबकडीवर बोट ठेवलं. दोन फेरे चाचपडले. तिसऱ्या फेऱ्याला गाणारी बाई बाईसारखी गाऊ लागली. चौथ्याला ठेका बसला. सखुबाईंचं लक्ष रेकॉर्डकडे नव्हतंच. त्या समोर पाहत होत्या, खांदा संथ हलत होता, ओठ पुटपुटत होते. मागच्या रांगेतल्या दोघी हसायच्या थांबल्या आणि नाचायला पुढे आल्या. सगळा मांडव पुन्हा हलला.

गाणं अर्ध्यावर आलं आणि पंखे फिरू लागले. दिवे लागले. सुनंदाने डोळे पुसले, वायर मिक्सरला लावायला घेतली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, लाईट आली. सोडा आता."

सखुबाईंचा हात थांबला नाही.

"आली तर येऊ दे. थांब म्हणावं तिला, गाणं व्हायचंय आजून."