अण्णांचं डेटा बुक आणि माझा चिवडा

माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, चाळीस वर्षांचं ज्ञान मी आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत घरोघर वाटलं. चिवड्याबरोबर.

झालं असं, की यंदा सोसायटीच्या बैठकीत मी (कोणी विचारलेलं नसताना!) प्लास्टिकमुक्त दिवाळीची घोषणा केली. म्हणजे फराळ कागदी पुड्यांतून वाटणं आलं. वर्तमानपत्राची शाई लागते, म्हणून माळा धुंडाळला, तर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. (त्यातही शाईच होती, हे मला नंतर सुचलं.) कव्हर नाही, आत नुसते आकडे आणि गोमेसारख्या आकृत्या. कागद मात्र काय कडक!

"अहो, अण्णांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"झोपलेत ते."

दुपारी एक ते चार, घराला आग लागली तरी आमच्याकडे अण्णांना उठवत नाहीत. साडेतीनपर्यंत मी अख्खं पुस्तक फाडून मोकळा झालो.

भाऊबीज झाली आणि गाण्याचा क्लास घेणाऱ्या लेलेबाई आल्या. हातात त्यांचा जुना इलेक्ट्रॉनिक तंबोरा, पार मुका झालेला. "नवा आणला हो, पण त्याच्याशी माझं जमत नाही. अण्णा, हा तुम्हीच बघा."

रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून अण्णांकडे काम घेऊन कोणी आलंच नव्हतं. एक्क्याऐंशी वर्षांचे अण्णा खुर्चीतून असे ताडकन उठले, की मीच दचकलो! यंत्र उघडून पाच मिनिटांत निदान झालं.

"आयसी गेली, ही गोमेसारखी चिप. आता बनत नाही ही. हरकत नाही. माळ्यावरून माझं डेटा बुक काढ."

"कसलं बुक?"

"सगळ्या आयसींची माहिती असलेलं. जाड आहे. कव्हर नाही त्याला."

खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो हं," आणि आयसीचा नंबर लिहून घेऊन थेट जिना उतरलो.

खालच्या मजल्यावरच्या गोडबोले काकांनी दार अर्धंच उघडलं.

"काका, चिवड्याचा कागद आहे का हो?"

"चिवडा मऊ होता, हे मी सांगणारच होतो. तुम्ही आपण होऊन चौकशीला आलात, बरं वाटलं."

"चिवड्याचं राहू द्या, कागद हवाय."

"कागद कचऱ्यात गेला. चिवडाही."

संध्याकाळपर्यंत सगळे मजले पालथे घालून सहा पानं मिळाली, सगळी तेलाने निथळत. हव्या त्या नंबराच्या आधीचं पान होतं, नंतरचं होतं. मधलंच नव्हतं!

"बाबा, चिल! सगळं ऑनलाइन असतं," माझी मुलगी ईरा म्हणाली. दोन दिवस ती मोबाइलला चिकटून होती. शेवटी कुठल्याशा परदेशी छांदिष्टाने चढवून ठेवलेलं ते पान सापडलंच! मी प्रिंट काढली आणि विजयी मुद्रेने अण्णांपुढे ठेवली.

अण्णांनी कागद पाहिला. उलटून पाहिला. मागे कोरा होता.

"छापलेलं मला पाठ आहे रे. हिच्या जागी दुसरी कुठली आयसी चालते, दोन तारा कुठून कुठे फिरवायच्या, ते मी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं. तीन महिने खपलो होतो त्यासाठी. पुस्तक कुठाय?"

सांगितलं. मला वाटलं, आता फटकारतील, निदान पुणेरी टोमणा तरी मारतील. अण्णा नुसतं म्हणाले, "उठवायचंस की मला."

लेलेबाई आल्या तेव्हा अण्णांनी तंबोऱ्याचे स्क्रू स्वतः घट्ट केले आणि तो परत दिला. "बाई, मीच विसरलो हो सगळं. वय झालं." मी शेजारी चहाचा ट्रे घेऊन उभा! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी नुसता चहाच पुढे केला, याची आजही लाज वाटते.

हल्ली अण्णा दुपारी झोपत नाहीत. मीच वही घेऊन बसतो. आठवेल तेवढं ते सांगतात, मी लिहितो. आत्तापर्यंत साडेचार पानं भरली आहेत. तंबोऱ्याच्या आयसीचं अजून आठवलेलं नाही.

पहिल्या पानावर मात्र त्यांनी सगळ्यात आधी, अगदी न अडखळता, एक ओळ सांगितली: "या वहीत फराळ बांधू नये."

अक्षर माझंच आहे.